गच्चीवरची डिश आणि पावसाचे पाणी

बारामतीहून इंदापूरकडे जाताना भवानीनगर, सणसर, लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकी अशी गावे एकामागून एक लागतात. या गावांच्या शिवारातील वस्त्यांवर अलीकडे एक दृश्य हमखास दिसते. घराच्या गच्चीवर दोन डिश असतात. एक जुनी आणि आकाराने मोठी, मान वर करून आकाशाकडे पाहणारी, ती दूरचित्रवाणीची. दुसरी लहान, उंच नळीवर बसविलेली, आकाशाकडे नव्हे तर सरळ क्षितिजाकडे रोखून पाहणारी. ही दुसरी डिश इंटरनेटची. गावातील अथवा शेजारच्या गावातील मनोऱ्याकडे तिचे तोंड असते आणि त्या मनोऱ्याशी तिचा संवाद तारेविना चालतो.

गावठाणात काचतंतूची केबल पोहोचली असली, तरी वस्त्या गावापासून एक-दोन किलोमीटर आत, उसाच्या मधोमध असतात. तेथवर केबल नेली, तर नांगरटीत, चारी खोदताना किंवा जेसीबीच्या एका फटक्यात ती तुटते. म्हणून ही लहान डिश. तिच्यावर काय काय अवलंबून असते, हे नेट बंद पडल्यावरच उमगते. मुलीची प्रवेश परीक्षेची तयारी, दूध संकलनाचा हिशेब, दुकानातील भरणा, चातुर्मासात घरबसल्या ऐकावयाची प्रवचने, आणि पुण्यात किंवा परदेशात असलेल्या मुलाचा रात्री नऊ वाजता पडद्यावर दिसणारा चेहरा. वस्तीवर दोघेच राहणाऱ्या वृद्ध दांपत्याच्या दृष्टीने यातील शेवटची गोष्ट औषधाइतकीच महत्त्वाची असते.

आपल्या भागाला बिनतारी दळणवळण नवीन नाही. बारामतीच्या शेजारचे दौंड हे गाव १९२७ साली थेट इंग्लंडशी बिनतारी जोडले गेले होते. मार्कोनी पद्धतीच्या ‘बीम’ योजनेत हिंदुस्थानातून संदेश पाठविण्याचे केंद्र पुण्याजवळ खडकी येथे होते, तर इंग्लंडहून येणारे संदेश टिपण्याचे केंद्र दौंडला. पाठविणारे आणि ऐकणारे केंद्र मुद्दाम दूर ठेवीत, कारण स्वतःच्याच आरड्याओरड्यात दुसऱ्याचे कुजबुजणे ऐकू येत नाही. उंच मनोऱ्यांवरून तारांचा पडदा टांगून लहरी एकाच दिशेला वळविण्याचे ते तंत्र होते. गच्चीवरची लहान डिश तत्त्वतः तेच काम करते. सर्व शक्ती एका झोतात गोळा करून एकाच दिशेला धाडते. फरक लहरीच्या लांबीचा. दौंडच्या लहरी कित्येक मीटर लांब होत्या, आजच्या ५.८ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी जेमतेम पाच सेंटिमीटर, म्हणजे करंगळीएवढी. लांब लहर वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून समुद्रापार जाऊ शकते. करंगळीएवढ्या लहरीला मात्र समोर मोकळी वाट हवी असते.

‘मोकळी वाट’ म्हणजे केवळ मनोरा डोळ्यांना दिसणे नव्हे. दोन अँटेनांमध्ये लहरी दोरीसारख्या ताणलेल्या रेषेत जात नाहीत. मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळत्या अशा आकाराची जागा त्या व्यापतात. मनोरा पाच किलोमीटर दूर असेल, तर मध्यावर या आकाराची त्रिज्या सुमारे आठ मीटर होते, आणि त्यातील निदान साठ टक्के, म्हणजे रेषेखाली जवळजवळ पाच मीटर जागा मोकळी हवी. उसाचा प्रश्न येथे उद्भवतो. आडसाली लागण झाली तेव्हा बसविलेली डिश वर्षभर उत्तम चालते, आणि पुढच्या पावसाळ्यात ऊस पुरुषभर उंचीच्या दुपटीला गेला, की नेट अडखळू लागते. घरमालक कंपनीला दोष देतो, कंपनीचा माणूस येऊन डिश थोडी इकडेतिकडे फिरवून जातो, आणि खरे कारण समोर डोलत उभे असते. डिश बसविताना शेत मोकळे असेल, तर वाढलेल्या उसाची उंची मनात धरूनच नळीची उंची ठरवावी. कालव्याकाठच्या वेड्या बाभळीचेही तसेच. ती वर्षभरात किती वाढते ते शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. ओली पाने कोरड्या पानांपेक्षा लहरी अधिक शोषतात, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. पालघर जिल्ह्यातील गावांमध्ये मुंबईच्या आयआयटीने ‘ग्राममार्ग’ प्रकल्प सुरू केला, तेव्हा दूरचित्रवाणीच्या पट्ट्यातील रिकाम्या, अधिक लांब लहरींचा प्रयोग प्रथम केला. अशा लहरी झाडीत तुलनेने कमी अडकतात. आपल्या गच्चीवर ती सोय अद्याप नाही. तेव्हा उंची हाच उपाय.

आता पावसाविषयी. ‘पाऊस आला की रेंज जाते’ हे वाक्य घरोघर ऐकू येते. दूरचित्रवाणीच्या डिशबाबत ते बरेचसे खरे आहे. तिच्या लहरी अडीच सेंटिमीटरच्या आसपास, आणि त्या सुमारे ३६,००० किलोमीटरवरून क्षीण होऊन आलेल्या असतात. मुसळधार पावसाचा पडदा मध्ये आला की चित्र गोठते. परंतु पाच सेंटिमीटरच्या लहरीला पाऊस इतका अडवीत नाही. तासाला पन्नास मिलिमीटर वेगाने कोसळणाऱ्या पावसातही पाच किलोमीटरच्या अंतरात होणारी घट दीड-दोन डेसिबलची, म्हणजे नीट बसविलेल्या जोडणीला सहज पेलणारी असते. तरीही नेट जाते, आणि पाऊस थांबल्यावर पुढे दोन दिवस रडतखडत चालते. यावरूनच ओळखावे की दोष आकाशातल्या पाण्याचा नसून सांध्यात शिरलेल्या पाण्याचा आहे. पाऊस थांबताच सुधारते ती अडचण हवेतली; ऊन पडल्यावर हळूहळू सुधारते ती अडचण जोडाची.

या एका गोष्टीकडे बहुतेक ठिकाणी दुर्लक्ष होते, म्हणून तिच्यावर थोडे विस्ताराने लिहितो. गच्चीवरच्या डिशला वीज आणि माहिती या दोन्ही गोष्टी एकाच लॅन केबलमधून मिळतात. घरातील छोट्या अडॅप्टरमधून २४ किंवा ४८ व्होल्टची वीज त्याच केबलने वर जाते. केबलच्या टोकाशी आरजे-४५ हा पारदर्शक प्लॅस्टिकचा कनेक्टर असतो आणि त्यात आठ बारीक सोनेरी पट्ट्या असतात. तेथे पाण्याचा एक थेंब पोहोचला आणि त्यातून वीज वाहत राहिली, की त्या पट्ट्या हिरव्या पडून कुजतात. साध्या पाण्याने जे काम वर्षभरात होईल, ते विजेच्या साथीने काही दिवसांत होते. पाणी तेवढ्यावर थांबत नाही. केबलच्या बाहेरील आवरणाला वरच्या बाजूस चीर गेली असेल, तर पाणी आवरणाच्या आतून, जणू नळीतून, खाली उतरते आणि थेट दिवाणखान्यातील अडॅप्टरमध्ये ठिबकते. भिंत कोरडी, खिडकी कोरडी, आणि अडॅप्टर ओला! असे कोडे कोणाला पडले असेल, तर त्याचे उत्तर गच्चीवर आहे.

उपाय महागडे नाहीत. केबल घराबाहेर वापरावयाचीच घ्यावी. तिचे आवरण काळे आणि उन्हाला टिकणारे असते. घरातली करडी किंवा निळी केबल इंदापूरच्या दोन उन्हाळ्यांत तडकते. केबल डिशमध्ये नेहमी खालच्या बाजूने शिरावी, आणि शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोळ द्यावा. केबलवरून ओघळणारे पाणी त्या झोळाच्या तळाशी गळून पडते, वर चढून सांध्यात जात नाही. भिंतीतून आत घेतानाही असाच झोळ, आणि भिंतीतील छिद्र बाहेरच्या बाजूला किंचित उतरते. आपल्या आजोबांच्या पिढीतील गवंड्याला हे सांगावे लागले नसते. पागोळीचे पाणी भिंतीपासून दूर पाडण्यासाठी तो सज्जाच्या खालच्या कडेला खाच ठेवीत असे. विचार तोच आहे.

उघड्या सांध्यावर आपल्याकडे सर्रास काळी इन्सुलेशन टेप गुंडाळतात. उन्हात तिचा गोंद वितळतो, टेप सुटून लोंबू लागते, आणि ती आतले पाणी धरून ठेवते, म्हणजे नसती तर बरी अशी अवस्था होते. येथे रबराची, स्वतःशीच एकजीव होणारी टेप लागते. तिला गोंद नसतो. ती जवळजवळ दुप्पट लांब होईल इतकी ताणून, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा येईल अशी गुंडाळली, की काही तासांत तिचा एक अखंड रबरी थर बनतो. गुंडाळायचे खालून वर. मंगलोरी कौले जशी वरचे खालच्यावर चढवून बसवितात, तशीच शेवटचा वेढा वर आला की पाणी घसरून जाते. उलट गुंडाळल्यास प्रत्येक वेढ्याची कड पन्हळ होऊन पाणी आत घेते. उन्हापासून रबर टिकावे म्हणून त्यावरून साध्या टेपचा एक थर द्यावा. काही जण पाण्याच्या टाकीची गळती बुजविण्यासाठी दोन रंगांचे गोळे मळून जो लगदा लावतात, तोच येथे थापतात. गळती थांबते हे खरे. परंतु पुढे कनेक्टर बदलावयाचा तर हातोडी आणि छिन्नीच हवी. सिलिकॉनच्या नळीबाबतही एक सावधगिरी हवी. लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे सिलिकॉन तांब्याला खाते. दुकानदाराकडे ‘न्यूट्रल’ प्रकारचे मागावे.

आणि सर्व काही बुजवू नये. डिशच्या मागील डबीला तळाशी एक बारीक छिद्र असते. ते कारखान्याची चूक समजून काही उत्साही मंडळी बंद करतात. दिवसा उन्हाने डबीतली हवा फुगून बाहेर जाते, रात्री गार होऊन आकसते आणि बाहेरची दमट हवा आत ओढते. आत जमलेल्या दवाला बाहेर पडण्यासाठी तेवढीच वाट असते. डबी उलटी बसविली, तर हेच छिद्र वर येते आणि पाणी पिऊ लागते. मोठ्या डबीच्या छिद्राला मात्र बारीक जाळी जरूर लावावी. गांधीलमाश्यांना अशी जागा घरट्यासाठी फार आवडते, आणि एकदा त्यांनी संसार थाटला की त्यांना हुसकणे आपल्याला नको असते आणि दुरुस्ती करणाऱ्याला धोक्याचे होते. आधीच जाळी लावणे दोघांच्याही हिताचे.

पाण्याइतकाच शत्रू वारा. मे महिन्यातील वळवाचा वारा कसा क्षणात उठतो, हे उजनीच्या काठाला वेगळे सांगावयास नको. २१ मे २०२४ रोजी करमाळ्याकडील कुगाव आणि इंदापूर तालुक्यातील कळाशी यांच्यामध्ये अशाच वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटली आणि सहा जीव गेले. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, की त्याचा रेटा चौपट होतो. दोन फूट व्यासाच्या भरीव डिशवर ताशी शंभर किलोमीटरच्या वाऱ्याचा रेटा पंधरा-सोळा किलो वजनाइतका पडतो. तीन मीटर नळीच्या टोकाशी एवढे वजन आडवे लटकवले, तर तळाशी काय होईल ते ताडून पाहावे. पाण्याच्या टाकीला तारेने बांधलेली नळी, कठड्याच्या एकाच विटेत ठोकलेले दोन खिळे, किंवा पत्र्याच्या शेडच्या कैचीला जखडलेला खांब, हे सर्व प्रकार आपल्या आसपास सहज दिसतील. टाकी रिकामी असताना ती स्वतःच उडते. तिने डिशला काय आधार द्यावा? जस्ताचा मुलामा दिलेली, अर्थात जीआय नळी घ्यावी. ती भरीव भिंतीला वर-खाली दोन ठिकाणी, एकमेकांपासून हातभर अंतरावर क्लॅम्पने पकडावी, आणि नळी तीन मीटरहून उंच असेल तर तीन दिशांना ताणाच्या तारा द्याव्यात. स्लॅबला भोके पाडू नयेत. नेटसाठी छत गळके करून घेणे हा व्यवहार नव्हे. नळीचे वरचे तोंड टोपणाने बंद करावे, नाहीतर ती आतून पाण्याने भरते आणि तळाशी गंजून एके दिवशी मुळासकट आडवी होते. नागपंचमीच्या सुमारास पतंगाचा मांजा ताणाच्या तारांत आणि डिशमध्ये अडकून राहतो. तो तसाच ठेवला तर पाखरांचे पाय आणि पंख त्यात गुंततात. सण सरला की एकदा गच्चीवर जाऊन तो काढून टाकावा.

उजनीच्या पाणफुगवट्याच्या काठावर राहणाऱ्यांची एक अडचण निराळी आहे. भिगवण, पळसदेव, कळाशी या बाजूच्या गावांना समोरचा काठ स्पष्ट दिसतो. पाण्यावर झाड नाही, ऊस नाही, तेव्हा जोडणी उत्कृष्ट व्हावी अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात संथ पाणी आरशाचे काम करते. एक लहर सरळ येते, दुसरी पाण्यावरून परावर्तित होऊन येते. दोन्हींच्या प्रवासात अर्ध्या लहरीचा, म्हणजे अवघ्या अडीच सेंटिमीटरचा नको तसा फरक पडला, की त्या एकमेकींना खोडून काढतात. त्यात उजनीची पातळी स्थिर नाही. परतीच्या पावसानंतर तुडुंब भरलेले पाणी उन्हाळ्यात काही मीटरनी खाली जाते, इतके की पळसदेवचे पाण्याखाली गेलेले जुने मंदिर उघडे पडते. आरसाच खाली सरकला, की दिवाळीत उत्तम चालणारी जोडणी मार्चमध्ये बिनसते आणि जूनमध्ये आपोआप सुधारते. येथे डिश आणखी उंच नेल्याने काम होईलच असे नाही, कधी बिघडतेही. एक टोक उंच आणि दुसरे सखल ठेवले, तर परावर्तनाची जागा सखल टोकाजवळ सरकते आणि पाण्याऐवजी खडबडीत जमिनीवर पडते. काठापासून थोडे मागे, घराच्या किंवा टेकाडाच्या आडोशाने पाण्याकडून येणारी लहर झाकली जाईल अशी जागा शोधणे हाही जाणत्यांचा मार्ग आहे.

वीज पडण्याच्या धोक्याकडे मात्र कोणत्याही घराने दुर्लक्ष करू नये. मोकळ्या माळावर एकट्या घराच्या गच्चीवर लोखंडी नळी उभी करणे म्हणजे परिसरातील सर्वांत उंच टोक आपल्या घरावर आणणे होय. प्रत्यक्ष वीज न पडताही अर्धा-एक किलोमीटरवर पडलेल्या विजेने लांब केबलमध्ये दाब उसळतो आणि डिश, अडॅप्टर, राउटर, त्याला जोडलेला दूरचित्रवाणी संच अशी साखळी जळते. त्यासाठी नळीला स्वतंत्र जाड तांब्याची अथवा जस्तलेपित पट्टी जोडून ती शक्य तितक्या सरळ, काटकोनी वळणे न देता जमिनीत न्यावी. अर्थिंगचा खड्डा काळ्या जमिनीत असेल, तर उन्हाळ्यात ती जमीन भेगाळते आणि इलेक्ट्रोडपासून सुटते. मार्चपासून त्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओतण्याची सवय ठेवावी. डिशची अर्थिंग आणि घराच्या वायरिंगची अर्थिंग जमिनीपाशी एकमेकींना जोडलेली असावी. त्या वेगवेगळ्या राहिल्या, तर वीज पडताना दोन्हींच्या दाबातील फरक नेमका आपल्या यंत्रांमधून वाट काढतो. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करवून घ्यावे आणि अर्थ टेस्टर लावून मोजून घ्यावे. ‘दिले आहे अर्थिंग’ या तोंडी आश्वासनावर थांबू नये. केबलच्या दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर हवेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे ॲप फोनवर ठेवले, तर जवळपास विजा होत असल्याची सूचना मिळते. ती मिळताच अडॅप्टरची पिन आणि लॅन केबल दोन्ही काढावीत. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही, कारण उसळलेला दाब केबलच्या वाटेने येतो.

आणखी एक गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे. ही डिश बसवायला येणारा बहुधा वीस-बावीस वर्षांचा मुलगा असतो. पायात चप्पल, खांद्यावर केबलचे वेटोळे. दिवसाला ठरावीक जोडण्या पूर्ण करावयाच्या असतात, म्हणून तो घाईत असतो. कठड्यावर उभा राहून एका हाताने नळी धरतो आणि दुसऱ्या हाताने नट आवळतो. कमरेला पट्टा नसतो. आपण खाली उभे राहून ‘अजून जरा डावीकडे’ असे सांगत असतो. पट्टा आणि दोरी नसेल तर काम उद्यावर ढकलण्यास आपण सांगू शकतो; घर आपले आहे. पाऊस पडून गेलेल्या शेवाळी गच्चीवर, सायंकाळी अंधार पडताना, किंवा ढग गडगडत असताना कोणालाही वर चढवू नये. घरावरून किंवा घराजवळून महावितरणची तार जात असेल, तर खांबाच्या उंचीच्या दीडपट तरी अंतर सुटले पाहिजे. उभी करताना नळी निसटली तर ती कोठे पडेल, हे आधी पाहावे. ओल्या नळीने अकरा हजार व्होल्टच्या तारेला स्पर्श केला, तर ती धरणाऱ्याला सोडविण्यास वेळ मिळत नाही.

कायद्याची बाजू सोपी आहे. ऑक्टोबर २०१८ मधील अधिसूचनेपासून पाच गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील बराच भाग घराबाहेर वापरण्यास, ठरवून दिलेल्या शक्तीच्या मर्यादेत, परवान्याविना मोकळा आहे. मात्र परवाना लागत नाही तेथे गर्दी होते. एका गावात चार मनोरे एकाच वाहिनीवर बोलू लागले, की सर्वांचेच ऐकणे बिघडते. सेवा देणाऱ्याला ‘सिग्नल किती आहे’ एवढेच न विचारता ‘नॉइज किती आहे’ हेही विचारावे. सिग्नलचा आकडा उणे असतो. उणे ५५ हा उणे ७५ पेक्षा चांगला, आणि दहाचा फरक म्हणजे शक्तीत दसपट फरक. डिश बसविली त्या दिवशीचा आकडा वहीत तारखेसह लिहून ठेवावा. सहा महिन्यांनी तक्रार करताना ती वही फार उपयोगी पडते.

२०२० च्या ऑक्टोबरात इंदापूर तालुक्यात झालेली अतिवृष्टी आणि २०२५ च्या मे अखेरीस बारामती-इंदापुरात आलेला अवेळी पूर पाहता, ‘पावसाळ्यापूर्वी’ म्हणजे नेमके केव्हा हे आता सांगणे कठीण झाले आहे. अक्षय्य तृतीयेच्या आसपास, ऊन कडक असतानाच सकाळी लवकर हे काम उरकावे. नट आवळलेले आहेत का, ताणाच्या तारा ढिल्या आहेत का, टेपला चीर आहे का, झोळ जागेवर आहे का, तळाचे छिद्र मोकळे आहे का, एवढे पाहावयास अर्धा तास पुरतो. साखर कारखान्याजवळच्या घरांनी गाळप हंगाम संपल्यावर डिशवरची काजळी ओल्या फडक्याने पुसून घ्यावी, आणि पुसताना डिशची दिशा हलणार नाही याची काळजी घ्यावी. त्यासाठी नळीवर आणि क्लॅम्पवर आधीच रंगाने एक सलग रेघ मारून ठेवावी. रेघ तुटलेली दिसली, की डिश फिरली असे समजावे.